दोन बाटल्या, दोन पेनं आणि वहीतला एक रकाना

मामांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एकीतलं पाणी नितळ, दुसरीतलं फिकट पिवळं, पातळ चहा आणखी पातळ केल्यासारखं. दोन्हींवर चिकटपट्टी लावून सुबक अक्षरांत लिहिलेलं: नितळ बाटलीवर "१० पीपीएम", पिवळ्या बाटलीवर "९ पीपीएम". पीपीएम म्हणजे इथे लिटरला तितके मिलिग्रॅम. मग खिशातून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन काढून ते म्हणाले, "अगं, हे साधं पेन आहे, घरच्या पाण्याच्या फिल्टरसाठी घेतलेलं. आता जरा बरा मीटर घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ तेवढं सांग. तुझं तर रोजचंच काम."

काम रोजचंच आहे, हे खरं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. मामांनी नोकरीभर कारखान्यातली विजेची पॅनेलं सांभाळली. निवृत्तीनंतर त्यांनी हे कलॉइडल सिल्व्हरचं, म्हणजे घरी चांदीचं पाणी बनवायचं, खूळ घेतलं. खूळ म्हटलं की त्यांना राग येतो, म्हणून त्यांच्यासमोर मी "प्रयोग" म्हणते.

प्रयोग असा. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, ९९.९९ टक्के शुद्धतेच्या चांदीच्या दोन तारा, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २७ व्होल्ट. धन बाजूच्या तारेतून चांदी आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, होऊन पाण्यात उतरते. ऋण बाजूला पाणी फुटून हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. काही वेळाने पेन बुडवायचं, आकडा बघायचा, हवा तेवढा झाला की बंद करायचं.

मीटरचा प्रश्न नुसत्या हौसेचा असता तर मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण मामा हे पाणी पीत होते. दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर. आणि त्यांनी हिशेबही केला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तोंडावाटे जाणाऱ्या चांदीसाठी रोजची संदर्भमात्रा दर किलो वजनामागे ०.००५ मिलिग्रॅम धरली आहे. मामांचं वजन ६२ किलो, म्हणजे ०.३१ मिलिग्रॅम. १० पीपीएमचं ३० मिलिलिटर पाणी म्हणजे ०.३० मिलिग्रॅम. "बघ, लक्ष्मणरेषेच्या आत आहे," ते म्हणाले.

रेषेच्या आत राहण्याचं सगळं गणित त्या पेनावरच्या "१०" वर उभं होतं.

पेन नक्की काय मोजतं

मी माझ्या खणातलं पेन काढलं आणि नितळ बाटलीतलं थोडं पाणी एका स्वच्छ पेल्यात घेतलं. मामांच्या पेनाने ७ दाखवलं. माझ्याने १०.

मामांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "सात? काल रात्री दहा होते. तीन पीपीएम गेले कुठे?" त्यावर येऊच. पण आधी दोन पेनांचं भांडण मिटवायला हवं होतं.

टीडीएसच्या पेनाला चांदी कळत नाही. त्याला मीठ कळत नाही, चुना कळत नाही, काहीच कळत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच ते मोजतं. ही वाहकता, आणि तिचं एकक मायक्रोसीमेन्स दर सेंटिमीटर. मग पेनाच्या आत बसवलेल्या एका गुणकाने तो आकडा गुणून "पीपीएम" म्हणून पडद्यावर येतो. काही पेनं मीठ गृहीत धरून ०.५ ने गुणतात, काही निसर्गातल्या गोड्या पाण्यासारखं मिश्रण गृहीत धरून ०.७ च्या आसपासच्या आकड्याने. मामांचं पेन पहिल्या जातीचं, माझं दुसऱ्या. पेल्यातल्या पाण्याची वाहकता दोघांनाही साधारण १४ च लागली होती. अर्धी केली की सात, सात दशांश केली की दहा. एकाही गुणकाचा चांदीशी संबंध नाही.

"म्हणजे दोन्ही खोटी?"

"दोन्ही खरी. फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती देत नाहीत."

आणखी एक गोष्ट पेनाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते आणि कुणी वाचत नाही. अचूकता "पूर्ण मापाच्या अधिक-उणे २ टक्के". हे पेन ९९९ पर्यंत मोजतं. पूर्ण मापाचे २ टक्के म्हणजे सुमारे २०. आपण मोजतोय १०. ट्रकच्या वजनकाट्यावर सोन्याची अंगठी ठेवल्यासारखंच हे. चांगलं पेन प्रत्यक्षात त्याहून बरं वागतं, पण तशी हमी कुणी दिलेली नसते. शिवाय अशी पेनं बहुधा ३४२ पीपीएमच्या मिठाच्या द्रावणावर जुळवून लावलेली असतात, म्हणजे आपल्या कामाच्या टोकापासून कितीतरी दूर. आणि दशांश दाखवत नाहीत. ७ आणि ८ च्या मधे काय आहे ते त्यांनाच ठाऊक.

मामांनी लगेच निष्कर्ष काढला: मग दशांश दाखवणारा, कमी पल्ल्याचा वाहकता-मीटर घ्यावा. हे अर्धं उत्तर होतं, आणि चुकीचं नव्हतं. शुद्ध पाण्यासाठी बनवलेले मीटर मिळतात, ०.० ते ९९.९ मायक्रोसीमेन्सचे, एक दशांशापर्यंत. घरगुती चांदीचं पाणी बरोबर त्या पल्ल्यात बसतं. डिस्टिल्ड वॉटर हवेशी संपर्कात आलं की साधारण १ ते ३ च्या घरात असतं, आणि तयार पाणी वीस-तीसच्या. मीटर जुळवून लावून घ्यायचा तर नेहमीच्या १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणद्रावणावर नाही, ८४ च्या. तेही मिळतं.

पण त्याआधी हरवलेले तीन पीपीएम.

रात्रीत काय झालं

चांदी पाण्यात उतरते तेव्हा तिच्याबरोबर जोडीदार म्हणून हायड्रॉक्साइड असतं. वीज वाहून नेण्यात हायड्रॉक्साइड फार चपळ. चांदीच्या आयनाची क्षमता ६२ धरली तर हायड्रॉक्साइडची १९८. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आणि हायड्रॉक्साइडचं बायकार्बोनेट होतं. त्याची क्षमता जेमतेम ४४.५. चांदी तितकीच, जोडीदार मात्र सुस्त.

आकड्यांत मांडायचं तर: लिटरमागे १ मिलिग्रॅम चांदी म्हणजे ९.२७ मायक्रोमोल. हायड्रॉक्साइडबरोबर असेल तर ती २.४ मायक्रोसीमेन्स दाखवते. बायकार्बोनेटबरोबर असेल तर जेमतेम १. म्हणजे झाकण सैल ठेवलेल्या बाटलीचा आकडा चांदीचा कणही न जाता अर्ध्याहून खाली येऊ शकतो. "१ मायक्रोसीमेन्स म्हणजे १ पीपीएम" हा जो सोपा मंत्र हौशी लोकांत चालतो, तो पूर्ण मुरलेल्या पाण्यापुरता योगायोगाने जमतो. ताज्या पाण्याला तो लावला तर आकडा दुपटीहून जास्त फुगतो.

मामांना हे पटलं नाही. विजेच्या माणसाला वायू आकडा पाडतो हे सहज कसं पटावं? म्हणून ते मी नंतर करून दाखवलं. ते पुढे येईल.

मुख्य म्हणजे रात्रीत आकडा पडलेला पाहून मामांनी यापूर्वी काय केलं होतं? पहिल्या खेपेला त्यांनी पुन्हा तारा बुडवून तासभर जास्त चालवलं होतं. "कमी झालं होतं ना, भर घातली." चांदी कमी झालीच नव्हती. ते पाणी कधीच पिऊन झालं होतं, त्याची बाटलीही उरली नव्हती.

पिवळी बाटली

खरं प्रकरण पिवळ्या बाटलीत होतं. ती करताना मामांनी तारा जास्त जवळ लावल्या आणि ढवळायचं राहून गेलं. पेन ९ वर आलं आणि तिथेच अडकलं. मामांना १० हवे होते. म्हणून त्यांनी चालू ठेवलं, अर्धा तास, एक तास, दीड तास. आकडा ९ चा ९. ऋण तारेवर राखाडी कापसासारखं काही लोंबू लागलं, थोडं तळाशी पडलं, पाणी पिवळं झालं. शेवटी कंटाळून बंद केलं आणि प्रामाणिकपणे "९ पीपीएम" लिहिलं.

पिवळा रंग म्हणजे पाण्यात धातूच्या चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगताहेत. काही दशक नॅनोमीटर आकाराचे हे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश गिळतात, उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. खरं तर "कलॉइडल" हा शब्द यांनाच लागू पडतो. नितळ बाटलीतला बहुतेक माल साधे विरघळलेले आयन असतात. आणि गंमत बघा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे, ते कण वाहकता-मीटरला दिसतच नाहीत. तरंगणारा धातूचा कण पाण्याची वाहकता वाढवत नाही म्हटलं तरी चालेल. विरघळलेल्या चांदीलाही मर्यादा आहे. खोलीच्या तापमानाला सिल्व्हर ऑक्साइड लिटरला साधारण दहा ते पंचवीस मिलिग्रॅमच विरघळतं. त्या मर्यादेजवळ गेलं की पुढे येणारी चांदी कणांत, गाळात किंवा ऋण तारेवर जाते. आकडा जागचा हलत नाही आणि माणूस बटण बंद करत नाही.

मी दोन्ही बाटल्यांचे नमुने प्रयोगशाळेत लावले. नायट्रिक आम्लात सगळे कण विरघळवून, धातू किती प्रकाश शोषतो यावरून त्याचं प्रमाण मोजणाऱ्या अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनवर, चांदीच्या ३२८.१ नॅनोमीटरच्या रेषेवर. इथे सवयीने हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर सिल्व्हर क्लोराइड होऊन सगळी चांदी तळाशी बसते. नवख्या हातून हे हमखास होतं. माझ्याही हातून झालंय, फार पूर्वी.

निकाल: "१० पीपीएम"च्या नितळ बाटलीत लिटरला ८.६ मिलिग्रॅम. "९ पीपीएम"च्या पिवळ्या बाटलीत २१.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग स्वतःच गुणाकार केला. ३० मिलिलिटरला ०.६३ मिलिग्रॅम. रेषेच्या दुप्पट. आणि मीटर सांगत होता की हीच बाटली दोघींत सौम्य.

नवा, दशांश दाखवणारा वाहकता-मीटर घेतला असता तरी हेच झालं असतं. तो फक्त ९ ऐवजी १८.२ दाखवून तीच चूक जास्त नेमकेपणाने करता.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

मामांनी यादी करून आणली होती, ती आम्ही झटपट संपवली. लेझरची टॉर्च: अंधारात बाटलीतून किरण दिसला म्हणजे कण आहेत एवढं कळतं, किती ते नाही. थोडेसे मोठे कण बारीक कणांच्या ढिगापेक्षा जास्त चमकतात. चिमूटभर मीठ टाकून पाणी दुधाळ होतं का बघणं: विरघळलेली चांदी आहे हे सिद्ध होतं, आणि तो नमुना मोजणीतून बाद होतो. पीएच मीटर: त्याच्या इलेक्ट्रोडमधून क्लोराइड झिरपतं, चांदीच्या पाण्यात तो बुडवणं म्हणजे दोघांचंही नुकसान. चांदी तपासायच्या पट्ट्या मिळतात, पण त्या फोटो धुण्याच्या वापरलेल्या फिक्सरसाठी. त्या लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून सुरू होतात, म्हणजे आपल्या पाण्याच्या पन्नासपट वरून. तारांचं वजन करून घट काढणं तत्त्वतः उत्तम, पण अर्ध्या लिटरला १० पीपीएम म्हणजे सगळी मिळून ५ मिलिग्रॅम घट. एक शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला ती दिसायचीच नाही.

चांदीच्या आयनासाठी खास इलेक्ट्रोड असतो, तो खरोखर चांदीच मोजतो. पण फक्त मोकळे आयन. पिवळ्या बाटलीपुढे तोही आंधळा, आणि त्याची निगा राखणं घरच्याला जमणारं नाही.

वही

मग मी मामांची वही मागितली. ते वही ठेवतात हे मला माहीत होतं. चाळीस वर्षांची सवय, पॅनेलसमोर उभं राहिलं की वेळ, व्होल्ट, अँपिअर लिहायचेच. वहीत प्रत्येक खेपेचं पान होतं आणि रकाने आखलेले: वेळ, व्होल्ट, मिलिअँपिअर, पेन. दर पंधरा मिनिटांनी नोंद. मल्टिमीटर त्यांनी पहिल्या दिवसापासून मालिकेत जोडलेला होता. का, तर जोडायचा असतो म्हणून.

"मामा, तुमचा मीटर हा," मी म्हटलं.

"हा तर करंट दाखवतो."

करंटच हवा होता. फॅरडेचा नियम म्हणजे मोजणीतली सगळ्यात सरळ गोष्ट: एक इलेक्ट्रॉन गेला की जास्तीत जास्त एक चांदीचा अणू तारेतून सुटला. १ मिलिअँपिअर एक तास वाहिला की ३.६ कुलोंब. त्याला ९६,४८५ ने भागून चांदीच्या १०७.८७ या अणुभाराने गुणलं की ४.०२ मिलिग्रॅम. म्हणजे मिलिअँपिअर-तास गुणिले चार. पाण्याचा रंग, गुणक, कार्बन डायऑक्साइड, कण की आयन, कशाशीच देणंघेणं नाही.

वहीतल्या पानांवर आम्ही बेरजा केल्या. लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी गुणिले पाव तास, असं सगळं मिळवत जायचं. नितळ बाटलीच्या पानावर करंट ०.१ ने सुरू होऊन हळूहळू २ च्या वर गेलेला, एकूण १.२५ मिलिअँपिअर-तास. म्हणजे ५ मिलिग्रॅम, अर्ध्या लिटरात १० पीपीएम. प्रयोगशाळेत ८.६ निघाले होते. पिवळ्या बाटलीच्या पानावर ४ मिलिअँपिअर-तास. १६ मिलिग्रॅम, ३२ पीपीएम. निघाले २१.

हा आकडा नेहमी वरचा असतो, कारण सुटलेली सगळी चांदी पाण्यात राहत नाही. काही ऋण तारेवर परत बसते (तो राखाडी कापूस), काही गाळ होते, काही काचेला चिकटते. पण याहून जास्त चांदी पाण्यात असू शकत नाही. ज्याला मात्रेची मर्यादा सांभाळायची आहे त्याला हेच हवं असतं: छत.

मग वाहकता-मीटर टाकून द्यायचा का? नाही. त्याचंही काम आहे, फक्त उलट टोकाचं. ताज्या पाण्याची वाहकता २.४ ने भागली तर जो आकडा येतो, तो विरघळलेल्या चांदीचा तळ. जोडीदारांपैकी काही आधीच बायकार्बोनेट झाले असतील तर चांदी त्याहून जास्तच असणार, कमी नाही. अट एकच, पाण्यात दुसरं काही पडलेलं नको. बोटाचा घाम, न धुतलेलं पेन, नळाचं पाणी, सगळं आकडा फुगवतं. नितळ बाटली: तयार होताना वाहकता २०, तळ ८.३, छत १०. चांदी ८.६. पिवळी बाटली: वाहकता १८, तळ ७.५, छत ३२.

पिवळ्या बाटलीत तळ आणि छतामधलं अंतर बघा. ते अंतर हीच बातमी आहे. दोन्ही आकडे जवळ असतील तर मामांना घरबसल्या ताकद कळली. दूर असतील तर खेप बिघडली, आणि त्या बाटलीवर कुठलाच एक आकडा लिहिता येणार नाही.

चौथी खेप

मामांनी ०.० ते ९९.९ चा मीटर घेतला आणि ८४ च्या द्रावणावर लावून घेतला. शिवाय करंट १ मिलिअँपिअरच्या वर जाऊ न देणारं छोटं सर्किट स्वतः बनवलं. ते करताना त्यांचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी एवढा खुललेला पाहिला. करंट आवरलेला असला की खेप पळून जात नाही. एरवी पाण्यात चांदी वाढते तशी वाहकता वाढते, वाहकता वाढते तसा करंट, आणि करंट वाढला की चांदी आणखी वेगाने. शेवटच्या पंधरा मिनिटांत सुरुवातीच्या तासाभराहून जास्त माल उतरतो. पेन बघून बटण बंद करणाऱ्याची गाडी तिथेच पुढे निघून जाते.

चौथी खेप आम्ही मिळून केली. तारा लांब, मधूनमधून काचेच्या कांडीने ढवळणं, ऋण तारेवर कापूस दिसला की पुसून घेणं. मीटर चालू खेपेत बुडवायचा नाही, बॅटऱ्यांचा करंट त्याच्या मोजणीत ढवळाढवळ करतो. नमुना वेगळ्या पेल्यात, पेला डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतलेला. तापमानाचं भान ठेवायचं, कारण अंशामागे वाहकता साधारण २ टक्क्यांनी हलते. मीटर ती भरपाई करतो, पण त्यालाही पाण्याइतकं होईपर्यंत अर्धा-एक मिनिट द्यावं लागतं.

बेरीज: १.४ मिलिअँपिअर-तास. छत ११.३. ताजी वाहकता २३.४, तळ ९.८. पाणी नितळ.

आता कार्बन डायऑक्साइडचं राहिलं होतं. मी दोन पेले घेतले. एकात साधं डिस्टिल्ड वॉटर, वाहकता १.१. दुसऱ्यात हे ताजं पाणी, २३.४. नळीचं टोक पाण्यात बुडवून, थुंकी जाणार नाही याची काळजी घेत, दोन्हींत मिनिट-मिनिटभर श्वास सोडला. डिस्टिल्ड वॉटर चढत चढत ६.८ वर गेलं. चांदीचं पाणी उतरत उतरत १३.१ वर आलं. एकच श्वास, एक आकडा वर, एक खाली. मामांनी नळी माझ्या हातून घेतली आणि नव्या पेल्यांत स्वतः फुंकून पाहिलं. मग पुन्हा एकदा.

"म्हणजे चांदी आहे तिथेच."

"आहे तिथेच."

त्याच खेपेचा नमुना मी प्रयोगशाळेत लावला. १०.२. तळ आणि छताच्या मधे.

राहिलेला विषय

मोजणी जमली म्हणून पिणं योग्य ठरत नाही, हे मला मामांना सांगावं लागलं, आणि ते मोजणीइतकं सोपं गेलं नाही. ती ०.००५ ची रेषा त्वचा कायमची राखाडी-निळी पडलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलेली आहे. त्यापलीकडे धोका एवढंच ती सांगते. अलीकडे फायदा आहे असं ती कुठेच म्हणत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली स्पष्ट केलं की कलॉइडल सिल्व्हर असलेली विनाचिठ्ठीची औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. मोंटानातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी २००० सालच्या संगणक-गोंधळाच्या धास्तीने हेच पाणी घरी बनवून घेतलं आणि त्यांचा चेहरा निळसर झाला. तो रंग जात नाही. आणि मामांना जे माहीतच नव्हतं ते हे: चांदी थायरॉइडच्या गोळीचं आणि काही प्रतिजैविकांचं शोषण कमी करू शकते. मामा सकाळी उठल्याउठल्या थायरॉइडची गोळी घेतात. त्यानंतर दोन चमचे.

"डॉक्टरांना सांगितलंय का हे?"

नव्हतं सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी बरोबर गेले. डॉक्टरांनी पाणी बंद करायला सांगितलं आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा मामांवर त्या एका वाक्याचा परिणाम जास्त झाला. मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू.

पिवळी बाटली मी प्रयोगशाळेत नेली आणि चांदीच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये रिकामी केली. तारा मामांनी पुसून डबीत ठेवल्या. प्रयोग मात्र थांबलेला नाही. आता ते एकाच खेपेची बाटली घट्ट झाकणात, सैल झाकणात आणि उजेडात ठेवून वाहकता कशी बदलते ते रोज लिहितात. चौथ्या खेपेच्या बाटलीवर नवी चिकटपट्टी आहे: "तळ ९.८, छत ११.३, पिण्यासाठी नाही". खाली तारीख.

परवा गेले तेव्हा मामांनी गंमत म्हणून खणातून जुनं पेन काढलं आणि त्या बाटलीतल्या पाण्याच्या पेल्यात बुडवलं. सात. त्यांनी पेन झटकून पुसलं आणि परत खणात टाकलं. वहीत आता त्याच्यासाठी रकाना नव्हता.